खेळ खतम म्हणणारा माणूस

बालाघाट शहरात कोणाची म्हैस हरवली किंवा बियाण्याचं नवं दुकान उघडलं की लोक शालिकराम मेश्रामला शोधत येतात. गजेंद्रच्या ऑटोवर भोंगा बांधायचा, आत शालिकरामनं माइक धरून बसायचं आणि दिवसभर गल्लोगल्ली हिंडायचं. वय चौसष्ट, अंगावर मूठभर मांस, पण आवाज असा की निजलेलं पोर उठून बसावं. वॉर्डात त्याला सगळे माइकवालेच म्हणतात. त्याचं खरं नाव मतदार यादीत तेवढं सापडतं.

त्याची एक खोड आहे. माइकचं बटण दाबलं की तो लगेच बोलत नाही. तोंडावर हात धरतो, आवंढा गिळतो आणि मग सुरू होतो. गजेंद्रला वाटतं, म्हातारा घसा साफ करतो. घसा कसला साफ करतो! बटण दाबलं की त्याच्या जिभेवर सगळ्यात आधी एक जुनं वाक्य येऊन बसतं. ते गिळल्याशिवाय म्हशीचं वर्णनसुद्धा पुढं सरकत नाही. बारा-तेरा वर्षं झाली, वाक्य काही पोटात जिरलं नाही.

ते वाक्य त्याचं स्वतःचं होतं, अगदी स्वतः रचलेलं.

भाऊबीज झाली की इकडं गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा, भरतात, आज या गावी तर उद्या त्या. शिंगाडे, ऊस, रेवड्या, पाळणे, दंडारीची नाटकं. या मंडयांत हिरालालचा तंबू लागायचा आणि बाहेर माइकवर शालिकराम. आत काचेच्या पेटीत भुसा भरलेलं दोन तोंडांचं वासरू होतं, त्याची शिवण मागून दिसायची म्हणून पेटी भिंतीला टेकवून ठेवत. पण लोक वासरासाठी येत नव्हते. लोक यायचे जिजाबाईला पाहायला.

जिजाबाई किरनापूरकडची. भाजीपाल्याची वाडी करणाऱ्या घरात जन्मली, ती दोन्ही हातांवाचून. खांद्यापाशी सगळं संपलं होतं. पण पाय असे चालायचे की पाहणाऱ्याला आपलेच हात परके वाटावेत. काळ्या पडद्यापुढच्या तखतावर बसून ती पायानं सुईत दोरा ओवायची, वेणी घालायची, पाटीवर पोरांची नावं लिहायची आणि शेवटी पावशी, म्हणजे विळी, पायाखाली दाबून काकडी चिरायची. चकत्या एकसारख्या पडायच्या.

हिरालाल वाईट माणूस नव्हता, हे सांगायला हवं. पगार वेळेवर द्यायचा, तिच्या अंगाला कोणी हात लावू नये म्हणून तखतासमोर बांबू बांधायचा. आणि जिजाबाईला कोणी पळवून आणलं नव्हतं. ती म्हणायची, "गावात लोकं फुकट पाहत होते, इथं तिकीट काढून पाह्यतात. फरक एवढाच." ती हसून म्हणायची आणि शालिकरामही हसायचा. चाळिशीतला गडी, गळ्यात माइक, बाहेर गर्दी. त्याला तेव्हा सगळंच हसण्यावारी नेता येत होतं.

तंबूचा एक नियम होता. शालिकराम बाहेरून "खेळ खतम!" म्हणेल तेव्हाच जिजाबाईनं तखतावरून उतरायचं. गर्दी वाढत असली की तो खेळ लांबवायचा. ती आतून पायानं पडदा हलवून इशारा करायची, तिला लघवीला जायचं असायचं, पाठ भरून यायची. शालिकराम तो इशारा पाहायचा आणि आणखी एक खेप आत सोडायचा.

आता वाक्याकडं येऊ. पहिल्या वर्षी तो नुसतं म्हणायचा, "बिना हातची बाई, पायानं करते सगळी कमाई!" लोक मान हलवून पुढं जात. मग एका मंडईत त्याच्या तोंडून सहज निघालं: "बाया-बापू हो! इच्या मायनं ग्रहनात पावशीवर भाजी चिरली, अन् पोटातल्या पोरीचे दोन्ही हात चिरले गेले! या, पाहा, मायची चूक लेकीच्या आंगावर!" रेवड्यांच्या दुकानापासच्या बाया वळल्या. पोटुशा बायांनी पोटावर पदर ओढला आणि तरी त्या आत आल्या. तिथून ते वाक्य पक्कं झालं.

उचलली जीभ, लावली टाळ्याला, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण शालिकरामला सोडवत नाही, कारण त्याला सगळं माहीत होतं. त्याचा बाप ग्रहणात मुद्दाम चूल पेटवायला लावायचा. त्या घरात बावीस प्रतिज्ञा पोरांना पाढ्यांसारख्या पाठ होत्या. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत शालिकराम त्याच गळ्यानं त्या म्हणायचा आणि कार्तिकात त्याच गळ्यानं ग्रहण विकायचा. न कळणाऱ्याची चूक वेगळी. हा कळून सवरून करत होता.

जिजाबाई त्याला एकदा बोलली. "शालिकभाऊ, माह्यं दिसनं विका, मी नाही म्हनत नाही. पन माह्या मायले काहून विकता?" तो ओशाळला, नाही म्हणणार म्हणाला. दोन गावं नाही म्हटला. तिसऱ्या गावी गर्दी पातळ होती.

ते तिसरं गाव तिच्या मायचं होतं. निदान इथं तरी बोलू नकोस असं तिनं बजावलं होतं, त्यानं शपथही घेतली होती. तिन्हीसांजेला भोंगा घुमला, वाक्य वाडीपर्यंत गेलं. थोड्या वेळानं शालिकरामला गर्दीच्या कडेला एक म्हातारी दिसली. ती तंबूकडं पाहत नव्हती, वर भोंग्याकडं पाहत होती. मग तिनं आपले दोन्ही हात तोंडापुढं धरले आणि ट्यूबच्या उजेडात ती ते उलटसुलट करून पाहू लागली, जसे कोणी बाजारात वांगी पाहतं. शालिकरामला वाटलं, वेडी आहे. ती जिजाबाईची माय होती हे त्याला खेळ संपल्यावर कळलं.

त्यानंतर जिजाबाई त्याच्याशी बोलली नाही. काही वर्षांनी मायचं दुखणं काढायला म्हणून ती तंबू सोडून गेली, पुढं हिरालाल वारला, वासरू कुठं गेलं देव जाणे. ती म्हातारी मात्र शालिकरामला सोडून गेली नाही. कुणाच्या घरातून पावशीची करकर ऐकू आली की तो रस्ता बदलायचा. ऑटोतून जाताना गर्दीच्या कडेला त्याला ती दिसायची, हात तोंडापुढं धरलेली. त्याला भीती वाटायची. म्हातारा माणूस असून भर दिवसा भीती वाटायची.

बायको गेल्यावर घरात तो आणि मुलगा अश्विन दोघंच उरले होते. अश्विन मलाजखंडला ठेकेदाराचा डंपर चालवतो, आठवड्यातून एकदा घरी येतो. दोन वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं आणि प्रियंका घरात आली. लांजीकडची, बारावी शिकलेली, बोलकी. शालिकरामनं तिला कधी सून म्हणून वागवलं नाही. सकाळचा चहा तोच करायचा. ती पोटुशी राहिली तेव्हा त्यानं दोन महिने बिडी बंद केली होती, काय संबंध त्याचा तोच जाणे.

आणि या होळीच्या पुनवेला चंद्रग्रहण आलं. चंद्र संध्याकाळी उगवणार तोच ग्रहण लागलेला. प्रियंकाला आठवा संपत आला होता. सकाळी शालिकराम चहा घेऊन गेला तर खोलीला आतून कडी.

"मामाजी, आज मले काही देऊ नका. पानी बी नको."

त्याला वाटलं, शेजारच्या बायांनी काही भरवलं असेल. त्यानं समजावलं, बापाची गोष्ट सांगितली, भिंतीवरच्या बाबासाहेबांची आण घातली. अकरा वाजले, दोन वाजले. डॉक्टरीणबाईंनी तिला सांगून ठेवलं होतं की रक्तदाब वाढतोय, उपाशी राहायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं. शेजारची रीना दाराशी बसून हाका मारत होती. आतून एकदा ओकारीचा आवाज आला, मग काहीच नाही.

"प्रियंका, बेटा, मह्या गळ्याची आन. असं काहून करून राह्यली?"

आतून उत्तर आलं, अगदी दाराशी येऊन बोलल्यासारखं.

"मी भादव्याच्या ग्रहनात दोडके चिरले, मामाजी. मले दुसरा महिना होता. ग्रहन आहे हेच माहीत नव्हतं. तवापासून ती बाई मह्या खोलीत बसून राह्यते. कोपऱ्यात. पायानं काकडी चिरते."

शालिकरामनं दाराला कान लावला.

"कोनती बाई?"

"तुमच्या तंबूतली. मी आठ वर्साची होतो, आमच्या मंडईत पाह्यली. लगन होऊन आली, तुमी अंगनातून हाक मारली, तवाच आवाज वळखला. तुमीच तं सांगतलं होतं ना."

रीना चमकून त्याच्याकडं पाहू लागली. दोन वर्षं ही पोर त्याच्या हातचा चहा पीत होती आणि त्याचा आवाज ऐकत होती. एका शब्दानं बोलली नव्हती, कारण तिला त्यात बोलण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. मोठ्या माणसानं माइकवरून सांगितलेली गोष्ट ती, तिच्यासाठी खरीच होती.

त्यानं दाराला तोंड लावून सांगितलं. खोटं होतं बेटा, मीच रचलं, गर्दी जमावी म्हणून रचलं. पण त्याचाच आवाज त्याला पोकळ लागला. खोटं सांगताना मैलभर जाणारा गळा खरं सांगताना दाराच्या फळीपलीकडं जाईना.

आतून प्रियंका रडत म्हणाली, "आता तुमी मह्या जिवासाठी खोटं बोलून राह्यले."

मग त्यानं गजेंद्रला ऑटो काढायला लावला.

किरनापूरच्या बसस्टँडमागं जिजाबाईचं फॉल-पिकोचं दुकान आहे, हे तो ऐकून होता. ती मशीनपुढं बसली होती, केस पांढरे, पायाच्या बोटांत सुई. ऑटो थांबला तसं तिनं आधी वरचा भोंगा पाहिला, मग शालिकरामला पाहिलं.

"हा अजून वाजते का?" ती म्हणाली. भोंग्याबद्दल की माणसाबद्दल, ते तिनं सांगितलं नाही.

शालिकराम उभ्या उभ्या सगळं सांगून गेला. सून, ग्रहण, दार, पाणी. मग म्हणाला, "तू चाल बाई. एक डाव तिच्यापुढं उभी राह्य. तुले पाह्यलं, तुझ्या तोंडून आयकलं तं ती दार खोलन."

जिजाबाईनं सुई कापडात टोचून ठेवली. "म्हन्जे पुन्हा मलेच दाखोवाले नेतं."

ती म्हणाली ते खरंच होतं. तेरा वर्षांनी तो माफी मागायला आला नव्हता, तिला न्यायला आला होता. गरज त्याची, घर त्याचं, आणि पाहण्याची वस्तू पुन्हा ती.

"दुसरं कोनी नाही मह्याजवळ," तो म्हणाला आणि रडायला लागला. भर रस्त्यावर, गजेंद्रसमोर.

जिजाबाईनं त्याला रडू दिलं. आत जाऊन चपला घालून आली, भाचीला दुकान पाहायला सांगितलं. "येतो मी. त्या पोट्टीसाठी येतो, तुझ्यासाठी नाही. पन एक आयकून घे. बोलन मी. अन् तखतावर तू बसशीन."

ऑटोच्या दोन्ही बाजूंना धानाची रिकामी शेतं होती, होळीचे लाकडांचे ढीग रचलेले होते. शालिकरामनं एकदा बाहेर पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

घरासमोर ऑटो थांबला तेव्हा सूर्य बुडायला आला होता. रीना धावत आली, म्हणाली हाका मारते तर नुसती हुंकार देते. हातांवाचूनची बाई आल्याचं कळायला वॉर्डाला वेळ लागला नाही. पोरंसोरं, बाया, होळीला आलेले पाहुणे, सगळे गोळा झाले. कोणी मोबाइल वर धरला. जिजाबाई ऑटोतून उतरलीच नाही.

"घरातून स्टूल आन," ती शालिकरामला म्हणाली. "ओट्यावर ठेव. बस."

तो बसला. ती गजेंद्रला म्हणाली, "दादा, माइक चालू करा. मह्या तोंडापाशी धरा."

भोंगा खरखरला. आणि शालिकरामची चाल, शालिकरामचा हेल, पण बाईच्या आवाजात, सगळ्या वॉर्डावर पसरला.

"बाया-बापू हो! पाहाले आले ना? मग इकडं नका पाहू, त्या स्टुलावर पाहा. हा मानूस पाहा. दोन हात, दोन पाय, जीभ सलामत. यानं मह्या मायले कधी पाह्यलं नव्हतं, अन् सांगतलं का तिनं ग्रहनात भाजी चिरली. मायनं हेच भोंग्यातून आयकलं. आमची भाजीची वाडी, माय रोज चिरे. ती मले इचारे, जिजे, चिरली असन का वं मी? मी म्हनो, नाही माय. ती म्हने, मानूस एवढ्या मोठ्यानं कसा खोटं बोलन? मग तिले आठोवाले लागलं. जे झालं नव्हतं ते आठोवाले लागलं."

मोबाइल धरलेला हात खाली आला.

"तवापासून मायनं पावशी धरली नाही. मग भाकर थापनं सोडलं, मग हातानं घासच घेईना. म्हने, ह्या हातानं मह्या लेकीचे हात खाल्ले. हात पदरात गुंडाळून बसे. नऊ वर्सं. अन् तिले घास कोन भरवे? मी भरवो. ह्या पायानं. माय मह्या पायाच्या बोटातून घास घे अन् रडे. मरेपर्यंत. हा खेळ यानं नाही पाह्यला. याचं तिकीट नाही लागलं कधी."

शालिकरामला हे ठाऊक नव्हतं. दुखणं म्हणून सुटलेली बाई कोणत्या दुखण्यासाठी गेली होती, ते त्याला आज कळत होतं, भोंग्यावरून, शंभर माणसांसमोर. त्यानं नकळत आपले हात वर घेतले. मग ते तोंडापुढं आलेले पाहून घाबरला आणि मांडीखाली दाबून बसला.

"आतमंधी जे लेकरू बसून आहे तिले सांगतो," जिजाबाईचा आवाज उतरला, "बेटा, मी जिजा. मी कोपऱ्यात नाही, भायेर आहो. मी अशीच जन्मली. काहून जन्मली ते डॉक्टरले माहीत नाही अन् मले बी नाही. तुझं लेकरू कसं होईन ते मी सांगत नाही. हात असले तं असतीन, नसले तं पाय असतीन, मले इचाराले ये. पन माय होऊन आपले हात बांधू नको वं. मह्या मायनं बांधले."

माइक बंद झाला. आतून कडी सरकली.

प्रियंका दाराच्या चौकटीला धरून उभी होती, ओठ सुकलेले, डोळे सुजलेले. तिनं सासऱ्याकडं पाहिलं नाही. ती ऑटोकडं पाहत होती. जिजाबाई तेव्हा उतरली, गर्दीतून वाट काढत ओट्यावर आली आणि रीनाला म्हणाली, "पावशी अन् काकडी आन. अन् पानी."

पूर्वेला घरांच्या वर चंद्र आला होता, एका बाजूनं खाल्लेला, तांबूस. जमलेल्या बायांनी तिकडं पाहून पदर सावरले. जिजाबाई जमिनीवर बसली, पावशी एका पायाखाली दाबली, दुसऱ्या पायाच्या बोटांत काकडी धरली. शालिकरामनं डोळे मिटले. पण करकर ऐकू आलीच, आणि यावेळी बदलायला रस्ता नव्हता.

प्रियंका आधी पाणी प्यायली, गटागटा, गळ्यावर सांडत. मग जिजाबाईनं पायाच्या बोटांत चकती धरून पुढं केली. प्रियंकानं ती हातात घेतली नाही. ती वाकली आणि तोंडानंच घेतली. जिजाबाईचा चेहरा एवढ्या वेळात पहिल्यांदा हलला. तिनं पुढं होऊन प्रियंकाच्या पोटावर कपाळ टेकवलं, क्षणभर, आणि उठली.

"गजेंद्रदादा, मले सोडून द्या. दुकान बंद कराचं आहे."

लोकांनी तिला वाट करून दिली. ऑटो वळला. शालिकराम स्टुलावरून तिच्याकडं पाहत होता. ती एकदा मागं पाहील, ते दोन शब्द बोलेल, असं त्याला वाटत होतं. तंबूत किती वेळा ती पडदा हलवून ज्या दोन शब्दांची वाट पाहायची, ते. ती बोलली नाही. ऑटो किरनापूर रोडला लागला, त्याचा लाल दिवा दिसेनासा झाला.

गर्दी पांगली. चौकात होळी पेटली, पोरं बोंबलायला लागली. वर चंद्र हळूहळू साफ झाला.

"मामाजी," प्रियंका दारातून म्हणाली, "सरलं ग्रहन. उठा, जेवाले चला."

शालिकरामनं मान हलवली. पाठ भरून आली होती, पाय बधिर झाले होते, लघवीलाही जायचं होतं.

"जेव तू बेटा," तो म्हणाला. "मले अजून उतराले सांगतलं नाही."